टोपीचा काठ सैल होईना

८ डिसेंबर, सोमवार

फोन करायला तोंड नाही, म्हणून इथंच विचारून घेते. ज्योती, कशी आहेस बाई? कंबर धरायची थांबली का? नात कशी आहे माझी? दूध ओकत होती, ते कमी झालं का? जावईबापूंचा खोकला गेला की अजून तसेच थंडीत गाडीवर हिंडतात? विहीणबाईंची साखर? गोळी जेवणाआधी घेतात ना, की मागच्यासारखं विसरतात?

इकडे तुझ्या बाबांचा गुडघा थंडीनं आखडला. धान चुरून झालं, पोती घरात आली, आता बसून कुरकुर करायला त्यांना वेळच वेळ. शेळीला पिलू झालं, दोघं ठीक. मी ठीक. ठीक म्हणजे भात खाते, भांडी घासते, अन् फोन वाजला की परसात जाते.

हे सारं फोनवर विचारायचं असते. वहीला विचारून ती काय सांगणार.

९ डिसेंबर

लिहूनच टाकते एकदा, म्हणजे तेच ते डोक्यात फिरणार नाही.

ज्योतीच्या सासरी, दिघोरीला, नातीचं नाव ठेवायचा कार्यक्रम. भंतेजी येऊन वंदना झाली, नाव ठेवलं मैत्री. मग एकेक जण बाळाला काही ना काही द्यायला लागले. मी पिशवीतून टोपी काढली. पिवळी, मीच विणलेली. नुसती हातात दिली असती तर काय बिघडलं असतं? पण नाही. मला घालून दाखवायची होती. बाळंतपण तिकडंच झालं, दवाखाना जवळ म्हणून. माझ्या हातून तेल-मालिश नाही, शेक नाही, काहीच झालं नाही. तर निदान हे. "माह्या हातची आहे," असं चार बायांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलले.

टोपी कपाळावर उतरेना. दुसरी कोणी असती तर थांबली असती. मी दोन्ही हातांनी काठ धरला अन् ओढला.

पोरगी अशी किंचाळली. लाल झाली. कपाळावर काठाचा वळ उठला. विहीणबाईंनी तिला माझ्या मांडीवरून उचललं, म्हणाल्या, "राहू द्या इहीनबाई, बाजारातली एक आहे घरी." वाईट नाही बोलल्या. मी त्यांच्या जागी असते तर मीही लेकरू उचललंच असतं.

पण ज्योतीनं खाली वाकून कानाशी म्हटलं, "आई, लोकांसमोर कायले जबरदस्ती केली तू तिच्यावर?"

जेवले नाही. डोकं दुखते म्हणून सांगितलं अन् दुपारच्या एस.टी.नं निघून आले. साकोली येईपर्यंत टोपी मुठीतच होती.

घरी पाण्याच्या गडव्यावर घालून पाहिली होती की. बसली होती. जोर लावून बसवली होती, हे आता आठवते. गडवा रडत नाही.

११ डिसेंबर

ज्यो.चा फोन. बाबांनी उचलला. मी दाराआड.

"आई कोठी गेली?"

"शेतात," म्हणाले. माझ्याकडे पाहतच म्हणाले. सकाळपासून माझं पाऊल अंगणाबाहेर पडलं नव्हतं.

फोन ठेवून शेळीला चारा टाकायला गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

१२ डिसेंबर

टोपी उसवायला घेतली. शेंड्यावरचा आवळलेला धागा कापला, शेंडा उघडला, पण पुढे टाका सुटेना. इतकी घट्ट की धाग्याचं टोकच सापडेना. सुईनं कोरून कोरून थकले अन् खाटेवर टाकून दिली. संध्याकाळी पाहते तर बाबांनी उघड्या शेंड्यातून पाय घालून गुडघ्यावर चढवलेली.

"काय करून राह्यले हे?"

"अवो, मस्त धरते! दवाखान्यातल्या पट्ट्यापेक्षा पक्की आहे. दुसऱ्या गुडघ्याले बी एक बनव."

हसू आलं अन् रडूही आलं. म्हटलं काढा ते. तर निघेना. दोघांनी मिळून ओढली. त्या लेकराच्या डोक्यावर मी हेच करत होते.

१४ डिसेंबर, रविवार

खरी गोष्ट अशी की संक्रांतीनंतर ज्योतीची बाळंतपणाची सुट्टी संपते. लाखांदूरच्या शाळेत परत शिकवायला जाणार. बाळाजवळ मी जाऊन राहायचं, हे दिवाळीपासून ठरलं आहे. विहीणबाईंना एकटीनं होत नाही. मी दोन लुगडी वेगळी काढूनही ठेवली होती. आता ज्यो. बोलावणार का? विचारू कसं? ज्या बाईला लेकराचं डोकं केवढं हे कळत नाही, तिच्या हाती लेकरू कोण देईल?

म्हणून पुन्हा सुया घेतल्या. नवी टोपी करायची, काठ असा सैल की आपोआप बसेल.

टाके घातले. पहिली ओळ. दुसऱ्या ओळीला सुई टाक्यात शिरेना. टोचते, वळवते, जिभेचं टोक दाताखाली, तरी शिरेना. शिरली की करकर आवाज. एक फट्कन सुटली, अंगठ्यात घुसली.

मोबाइलमधली बाई हिंदीत सांगते, हाथ ढीला छोडिये. तिचं काय जाते.

१७ डिसेंबर

साकोलीला गेले. जाड सुई आणली की टाका मोठा होईल, एवढं डोक्यात आलं होतं. माझ्याजवळच्या दहा नंबरच्या. दुकानात म्हटलं, याहून मोठ्या नंबरची दे. त्यानं बारा नंबरची दिली. घरी येऊन शेजारी शेजारी धरते तर काय, आणखी बारीक! सुयांमध्ये नंबर वाढला की सुई बारीक होते म्हणे. कोणी ठरवलं हे? आमच्या कुडत्याचा नंबर वाढला की कुडतं मोठं होते.

१८ डिसेंबर

परत साकोली. दुकानदार पोऱ्या ओळखून हसला. "आजी, कालच तं नेली ना?"

"जाड पायजे."

"किती जाड?"

"लय जाड."

"मग उलथनंच द्या लागन तुमाले," म्हणाला. बाजूच्या दोन बाया फिदीफिदी हसल्या. मीही हसले, न हसून कुठं जाऊ. सात नंबरच्या घेतल्या. एस.टी.त बसल्यावर कान गरम झाले. म्हातारपणी काय ही हौस, असंच वाटलं असेल त्यांना.

जाड सुईवर टाका थोडा मोठा झाला. थोडाच. घट्टपणा होता तसाच आहे.

२० डिसेंबर, शनिवार

शकू आली. आमच्या एकोडी गावात माझी जुनी मैत्रीण म्हणजे ती एकच. लग्न होऊन आल्यापासून आम्ही दोघी एका ओसरीत बसून बिड्या वळल्या. ज्योतीला नोकरी लागली तेव्हा तिनं माझं बिड्यांचं सूप उचलून माळ्यावर टाकलं, तेव्हापासून मी बिडी सोडली. शकूनं डोळे गेल्यावर सोडली.

अंगणात उन्हात बसलो. लपवायला गेले तर म्हणाली, "लपवून कायले राह्यली? साऱ्या एकोडीले मालूम आहे टोपीचं."

म्हणजे माहीतच आहे. बाबांनीच सांगितलं असणार, गुडघा दाखवून.

मग म्हणाली, "विन बरं, पाहू दे." तिला नीट दिसत नाही, म्हणून माझ्या हातावर हात ठेवून बसली. मी दोन-तीन टाके विणले. शकू एकदम हात झटकून हसायला लागली. पोट धरून हसली.

"अवो माय! तू कोठं विनून राह्यली? तू तं बिडी बांधून राह्यली!"

पाहते तर खरंच. धागा तर्जनीला दोन वेढे. प्रत्येक टाक्यानंतर करंगळीनं ताण देऊन एक झटका. बिडीला धागा बांधून तोडतो ना, अगदी तस्सा झटका. हाताला सांगावं लागतच नाही. तो आपोआप देतो.

"ढिली ठेवायचं भेव आहे तुह्या हाताले," शकू म्हणाली. "छाट लागन म्हणून."

कारखान्याचा चेकर एकेक बिडी चिमटीत धरून दाबायचा. जराशी ढिली लागली की बाजूला फेकायचा. छाट. तेवढ्या बिड्या फुकट. सारा जन्म ढिलं म्हणजे खोटं काम, हेच शिकलो.

"चेकर मरून गेला असन कदीचा," शकू म्हणाली. "आता कोन छाट काढते तुही?"

मनात आलं, विहीणबाई. अन् ज्यो.

२१ डिसेंबर

धागा एकच वेढा. झटका नाही. एवढंच करायचं ठरवलं. टोपीचा विचार नाही, नुसती पट्टी.

एकच वेढा घेतला की हात उघडा पडल्यासारखा वाटते. धागा सुटून जाईल असं वाटते. सुटत नाही, पण वाटते.

झटका काही थांबेना. मग करंगळीला चिंधी बांधली, म्हणजे ती धाग्याला लागणारच नाही. बाबांनी विचारलं, "लागलं का?" म्हटलं, हो.

२३ डिसेंबर

आज एक समजलं. मी टाका सुईच्या टोकावरच ओढून घेते. टोक निमुळतं असते. टाका टोकाच्या मापाचा होतो, मग मागे जाड भागावर कसा सरकेल? आता दर टाका आधी जाड भागावर ढकलायचा, तिथं बसू द्यायचा, मग पुढचा. मोबाइलमधली बाई हेच करत होती, मी तिच्या बांगड्या पाहत बसले.

शकू रोज येते. म्हणते, तू गुपचूप बसली की घट्ट करते, बोलत राहा. म्हणून बोलत विणते. तिच्या नातवाचं, रेशनच्या तांदळाचं, कोणाच्या घरी कोणाचं भांडण. आज पट्टी बरी आली. पण मधेच एक ओळ पुन्हा दोरीसारखी. शकूनं बोट फिरवून ती ओळ बरोबर शोधली.

"इथी काय बोलून राह्यलो होतो आपन?"

दोघींनाही आठवलं. तिनं विचारलं होतं, ज्योतीचा फोन आला का.

२६ डिसेंबर

आला फोन. बाबांनीच उचलला. स्पीकरवर टाकला, मुद्दाम. मी चुलीजवळ.

ज्यो. म्हणत होती, सुट्टी संपली की सासूबाईंच्या बहिणीला बोलावून पाहते थोडे दिवस. "आईचं तं काही कळतच नाही ना बाबा. बोलतच नाही ती."

फोन ठेवल्यावर बाबा पहिल्यांदा रागावले. "पोरगी तुले विचारून राह्यली, तू चुलीत तोंड घालून बसली! तिनं काय समजावं? आई रुसली, असंच ना?"

"मी रुसली नाही."

"मले मालूम आहे. तिले कोन सांगन?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटत होतं, ती माझ्यावर रागावली आहे. तिला वाटते मी तिच्यावर. तिचं ते एक वाक्य मी अंगाला लावून घेतलं, अन् इकडं तीही तेच वाक्य चघळत बसली असेल. बाळंतीण पोर. मी आई की कोण?

आज विणलं नाही. हात लावला असता तर गाठीच झाल्या असत्या.

२८ डिसेंबर, रविवार

काठाचं कोडं सुटलं. मधली वीण सैल झाली तरी सुरुवातीचा काठ घट्टच राहत होता, अन् डोक्याला अडकतो तो काठच. आता दोन्ही सुया एकत्र धरून त्या जाड जोडीवर टाके घातले. मग एक सुई हळूच काढून घेतली. सारे टाके मोकळे, एकमेकांना न ढकलता उभे. एक सुलट एक उलट विणलं. बोटभर पट्टी झाल्यावर ओढून पाहिली. रबरासारखी ताणली अन् परत आली.

शकूला हातात दिली. तिनं ताणली, सोडली, ताणली, सोडली. "छाट!" म्हणाली. अन् आपणच हसत सुटली.

३० डिसेंबर

टाके किती घालू? गडव्यावर आता भरवसा नाही. लेकराचं डोकं वाढलं असेल. माप घ्यायला ज्यो.ला विचारावं लागते.

बाबांना म्हटलं, तुम्ही विचारा. म्हणाले, "मी कायले विचारू? टोपी माही आहे का? माही तं गुडघ्यावर आहे."

संध्याकाळी फोन लावला. स्वतः. दोनदा वाजला. तिसऱ्यांदा वाजताना तिकडून उचलला अन् आधी बाळाचं रडणं ऐकू आलं. तस्संच रडणं. ज्यो. "हॅलो, बाबा?" म्हणाली. मी कापला.

काय बाई आहे मी. कापला.

तिनं परत लावला, तेव्हा बाबा म्हणाले, चुकून लागला. माझ्यासाठी त्यांना किती वेळा खोटं बोलायला लावणार आहे मी.

२ जानेवारी

नवं वर्ष. शकूनं पोहे आणले. विणत विणत तिला त्या दिवशीच्या फोनचं सारं सांगितलं. सांगताना हात चालूच होता. सांगून झाल्यावर आम्ही दोघींनी ती ओळ पाहिली. सैल नाही, पण सुई शिरते.

शकू म्हणाली, "फोनवर तोंड उघडत नसन तं लिहून पाठव. लिहाले तं येते ना तुले." येते. ज्योती पहिलीत होती तेव्हा तिच्या पाटीवरूनच शिकले, तिच्यामागे बसून. ती चुकली की मीही चुकायची. तिला माझं अक्षर वाचता येते, बाकी कोणाला नाही.

४ जानेवारी, रविवार

उद्या बाबा दिघोरीला जातात, नवा तांदूळ पोचवायला. म्हणाले, तू बी चल. म्हटलं, नाही. अंगणात पाऊल टाकताच सगळ्यांच्या डोळ्यांत तो दिवस येईल. अन् बाळ? ते मला पाहून रडलं तर?

"लेकराले काय याद राहते," बाबा म्हणाले.

त्याला नसेल. मला आहे.

चिठ्ठी लिहायला बसले. दोन फाडल्या. पहिलीत नुसती माफीच माफी, वाचून मलाच कंटाळा आला. दुसरीत टोपीचा दोष लोकरीवर ढकलला होता. लिहिताना कळलंच नाही, वाचताना कळलं. लाज वाटली.

५ जानेवारी, सोमवार

बाबा सकाळच्या गाडीनं गेले. आज तिकडंच राहतील, उद्या येतील. तांदळाच्या थैलीत वरच ठेवली चिठ्ठी. काय लिहिलं ते इथं उतरवून ठेवते, म्हणजे उद्या मीच मला खोटं सांगणार नाही.

"ज्योती, मी रुसलेली नाही. तुझ्यावर तर मुळीच नाही. तू कानात बोलली ते खरं बोलली. मी लेकरावर जबरदस्ती केली. मला लोकांना दाखवायचं होतं, म्हणून तिचं रडणं मला उशिरा ऐकू आलं. बाबा शेतात गेली म्हणाले तेव्हा मी दाराआड उभी होती. तो चुकून लागलेला फोन माझाच होता, तुझा आवाज ऐकून कापला. विहीणबाईंना सांग, त्यांनी उचललं ते बरोबर केलं. मावससासूबाई आल्या तर येऊ दे, त्यांचा हात लेकरांना सवयीचा आहे. पण तुला मी पाहिजे असेल तर मी आहे, लुगडी बांधलेली आहेत.

सोबत विणलेला एक तुकडा आहे. टोपी नाही, नुसता काठ. त्यात हात घालून ताणून पाहा. विहीणबाईंनाही ताणून पाहू दे. घट्ट वाटला तर तसं लिही, मला वाईट वाटणार नाही. वाटलं तरी लिही.

अन् पिवळ्या लोकरीचा एक मोकळा धागा आहे. मैत्री झोपली असताना तिच्या डोक्याभोवती फिरव. ओढू नको. जिथं सहज टेकेल तिथं गाठ मार अन् बाबांजवळ दे. त्यांना घाई असेल तर मागून पाठव, पण सोबत चार ओळी लिही, तू कशी आहेस त्या. मी येऊ की नको, तेही त्यातच लिही. लवकर लिही बाई. तोवर मी सुईवर टाके घालत नाही."